रोजच्या भातातली एक मूठ : मिझोरमची प्रेस्बिटेरियन मंडळी

रानवाट

मागे देणग्यांच्या धाग्यावर मी मिझोरमचा ओझरता उल्लेख केला, तर दोघातिघांनी 'वेगळा धागा काढा' म्हणून टोकलं. घ्या, काढला.

नोकरीच्या निमित्ताने ऐझॉलला काही वर्षं राहणं झालं. मी ख्रिस्ती नाही. घरमालक मात्र प्रेस्बिटेरियन मंडळीतले 'उपा' होते, म्हणजे निवडून दिलेले वडील. प्रेस्बिटेरियन हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ, आणि या चर्चला बिशप नसतो. मंडळीने निवडलेले हे वडील आणि पाळक (पाद्री) मिळून कारभार बघतात. त्यांच्या वर प्रेस्बिटरी (आसपासच्या मंडळ्यांची सभा), तिच्या वर सिनॉड (त्याहून मोठी, मिझोरमची सभा), आणि सगळ्यांच्या वर शिलाँगची जनरल असेंब्ली. मिझोरममध्ये ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत (२०११ ची जनगणना) आणि त्यांतला सगळ्यात मोठा पंथ हाच. दक्षिणेकडे लुंगलेईच्या बाजूला बॅप्टिस्ट जास्त.

आता मुद्द्याचं. मिझो लोक दिवसातून दोनदा भात जेवतात, सकाळी नऊच्या सुमारास आणि संध्याकाळी पाच-सहाला. मालकीणबाई तांदूळ मापून घेत आणि धुवायच्या आधी त्यातली एक मूठ शेजारच्या डब्यात टाकत. सकाळी एक, संध्याकाळी एक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, पाहुण्यासाठी काढून ठेवत असतील. ते होतं 'बुहफाई थाम', चर्चसाठी बाजूला काढलेली तांदळाची मूठ. आठवड्यातून एकदा महिला मंडळाच्या बायका पिशव्या घेऊन दारोदार येतात, तांदूळ गोळा करतात, मोजतात, वहीत मांडतात. मग तो विकला जातो आणि पैसे सिनॉडकडे जमा होतात.

हे १९१० च्या सुमाराला सुरू झालं. खासी टेकड्यांमधल्या मंडळ्यांत आधीपासून असं काही चालायचं, तिथून ही कल्पना आली. तेव्हा मिझो टेकड्यांत सुबत्ता होती असं कुणी समजू नये. १९११-१२ ला मौताम पडला. म्हणजे बांबू फुलला, बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले आणि त्यांनी शेतं फस्त केली. नोटा-नाणी घरात फारशी नसायची. बाईच्या हातात काय होतं, तर शिधा. तिने त्यातलंच दिलं.

आज या मुठीतून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. शिवाय दशांश (कमाईचा दहावा भाग) वेगळा, रविवारचं अर्पण वेगळं.

मला यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही. १९६६ च्या मार्चमध्ये मिझो बंडखोरांचा उठाव झाला, ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाची विमानं बॉम्ब टाकून गेली, आणि पुढच्या दोनेक वर्षांत परदेशी मिशनऱ्यांना मिझो टेकड्या सोडाव्या लागल्या. वेल्श मिशनने उभारलेलं दुर्तलांगचं रुग्णालय (१९२८, डॉ. जॉन विल्यम्स), शाळा, छापखाना, सगळं एका फटक्यात स्थानिक लोकांच्या गळ्यात पडलं. पण ते कोसळलं नाही. कारण चर्च आपल्या पैशावर चालवायची सवय तोवर दोन पिढ्यांना लागलेली होती. गोरा साहेब गेला म्हणून डब्यात मूठ पडायची थांबली नाही.

माझं म्हणणं एवढंच: संस्था कोणाच्या पैशावर उभी राहते यावर ती पुढे टिकते का, हे बरंचसं ठरतं. आणि 'कोणाच्या' म्हणजे किती मोठ्या माणसाच्या, असं नव्हे. किती घरांच्या, असं.

बाकी सामाजिक जीवनाचं काय सांगू? आठवड्याचा जवळजवळ प्रत्येक दिवस वाटून दिलेला. सोमवारी रात्री तरुण, मंगळवारी बायका, बुधवारी आणि शनिवारी रात्री सगळे. रविवारी तर सकाळी रविवारची शाळा (पन्नाशीचे लोकही वर्गात बसतात), दुपारी उपासना, रात्री पुन्हा उपासना. दुकानं बंद, रस्ते रिकामे. माझ्यासारख्या माणसाने शनिवारीच दूध-अंडी आणून ठेवायची. आमच्या गल्लीत एक म्हातारे वारले तेव्हा तरुण पोरं पहाटेपासून खड्डा खणायला गेली, पेटी तिथल्या तिथे बनवली, आणि पुढे रात्रीच्या रात्री शेजारीपाजारी त्या घरात बसून ढोलाच्या साथीने गाणी म्हणत. घरच्यांना एकटं सोडायचं नाही, हा दंडक. खड्डा खणणं वगैरे कामं यंग मिझो असोसिएशनची. ती संघटना चर्चची नाही, पण १९३५ साली स्थापन झाली ती चर्चच्याच अंगणात म्हणायला हरकत नाही, आणि माणसं तर तीच.

लिहिण्यासारखं बरंच आहे. प्रश्न विचारा, आठवेल तसं सांगतो.

---

दुपारचा_चहा

वाचतोय. रविवारी सगळं बंद म्हणजे वडापावसुद्धा नाही? मग माझा काही निभाव लागायचा नाही.

---

हिशेबनीस

रानवाट, लेख आवडला. पण काही प्रश्न.

१) मूठ सक्तीची आहे का? नाही म्हणालात तर, न देणाऱ्याचं काय होतं?
२) वहीत मांडतात म्हणजे घरागणिक मांडतात का?
३) पैशाचा विनियोग कोण ठरवतं?

गमतीने एक हिशेब मांडला. मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम धरा. दिवसाला दोन, म्हणजे १०० ग्रॅम. वर्षाला साडेछत्तीस किलो. किलोला ४० रुपये धरले तर घरटी १,४६० रुपये. लाखभर घरं असतील असं मानलं तर साडेचौदा कोटींच्या घरात जातं. म्हणजे तुमचं 'कोट्यवधी' अगदीच पटण्यासारखं आहे. आणि १,४६० रुपये एकरकमी मागितले असते तर निम्म्या घरांनी पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं असतं.

---

रानवाट

हिशेबनीस, सक्ती नाही. दबाव आहे. लहान गाव, सगळे एकमेकांना ओळखतात, पिशवी घेऊन शेजारीणच दारात उभी असते, तर तिला नाही कोण म्हणणार? आमच्या मालकांच्या मंडळीत घरागणिक अर्पणाचं कार्ड असे. ते मला स्वतःला जरा खटकायचं. 'डाव्या हाताला उजव्या हाताचं कळू नये' हे त्यांच्याच शास्त्रातलं. मालकांना तसं विचारलं तर ते म्हणाले, 'कार्ड नसेल तर पैसे कुठे गेले हे आम्हाला कोण विचारेल?' हेही खरंच आहे. ज्याचं नाव वहीत आहे तो हिशेब मागू शकतो.

तिसऱ्याचं उत्तर : सिनॉडच्या सभेत. तिथे पाळक आणि उपा बसतात.

---

मोहरी

तिथे पाळक आणि उपा बसतात! म्हणजे पुरुष बसतात, असंच ना?

मूठ काढणारी बाई, दारोदार फिरणारी बाई, मोजणारी बाई, वही लिहिणारी बाई. आणि ठरवायला बसणारे बुवा. एवढी वर्षं हे चाललंय आणि तुम्ही 'किती घरांच्या पैशावर' म्हणता. घराच्या नव्हे हो, बायकांच्या. घरातल्या पुरुषाच्या ताटातला भात त्या मुठीने कमी होत नसतो, हे स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या कोणालाही विचारा.

---

रानवाट

मोहरीताई, मी तिथे होतो तेव्हा मिझोरम सिनॉडमध्ये स्त्रियांना पाळकपदाची किंवा उपापदाची दीक्षा नव्हती. धर्मशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या मुली होत्या, शिकवत होत्या, पण दीक्षा नाही. तिथल्या बायकाही यावर बोलतात, अगदी उघड बोलतात. महिला मंडळाकडे त्यांच्या स्वतःच्या सभा, अधिवेशनं असतात आणि त्यांचं वजन काही कमी नाही. पण अंतिम ठराव कोण करतं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे जे तुम्ही दिलंत.

ताटातल्या भाताचं म्हणालात, त्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

---

सालोमी_करवीर

सलाम मंडळी. बऱ्याच दिवसांनी इथे आपल्या विषयाचा धागा दिसला म्हणून लिहिते.

आम्ही कोल्हापूरचे. आजीच्या तोंडी 'प्रेस्बिटेरियन' हा शब्द असायचा, आमच्या पिढीला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) ठाऊक. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ ला कोल्हापुरात आले, पुढे १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते काम घेतलं. कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोली, तिकडे खाली वेंगुर्ला, हा सगळा त्यांचा पट्टा. तिकडे नगरकडचे आपले लोक काँग्रिगेशनल या दुसऱ्या पंथाचे, अमेरिकन मराठी मिशनचे. नंतर या दोघांचं मिळून युनायटेड चर्च झालं आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय स्थापन झालं तेव्हा आमचं जुनं नाव गेलं. बिशपही आले. वडील-पंचांची पद्धत मात्र मंडळीत अजून मुरलेली आहे. पाळकसाहेबांनी एखादी गोष्ट परस्पर केली तर आमचे म्हातारे पंच अजूनही सभेत उठून उभे राहतात.

मोहरीताई, आमच्याकडे स्त्रिया पाळक होतात. तेवढं एक आम्ही मिझोरमच्या पुढे.

मुठीचं वाचून मला कापणीचा सण आठवला. ज्याच्या घरी जे पिकलं ते मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, घेऊन यायचं. जोंधळा, भुईमूग, भोपळा, गुळाची ढेप, कोंबडी, कुणी तर पाय बांधलेली शेळी आणायचं. उपासना झाली की अंगणात लिलाव. एक भोपळा बाजारभावाच्या पाचपट भावाला जातो, कारण बोली लावणाऱ्याला भोपळा नको असतो, मंडळीला द्यायचं असतं. आणि ज्याने तो घेतला तो तिथल्या तिथे पुन्हा लिलावात ठेवतो! आमचे एक काका दरवर्षी स्वतःच आणलेली कोंबडी स्वतःच बोली लावून घरी घेऊन जायचे. काकू म्हणायच्या, एवढ्या पैशात तीन कोंबड्या आल्या असत्या.

पण हे वर्षातून एकदाच. आणि रानवाटदादा, तुमच्या 'कोणाच्या पैशावर' या वाक्याने मला जरा टोचलं. त्यावर उद्या सावकाश लिहीन.

---

तंबोरा

मिरजेचा विषय निघणार हे दिसतंच आहे, म्हणून मध्येच घुसतो. आमच्या घरातल्या चार पिढ्यांची आजारपणं मिशन हॉस्पिटलात निघाली. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ ला ते उभं केलं. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी पैसा दिला. वैद्यकीय शाळाही काढली. शाहू महाराजांचं वॉन्लेसांशी सख्य होतं. क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मध्ये जे आरोग्यधाम झालं त्याच्यावरून त्या भागाला आजही वॉन्लेसवाडी म्हणतात. आज मिरजेत गल्लोगल्ली जे दवाखाने आहेत त्यांचं मूळ तिथेच. मोतीबिंदूच्या रुग्णांच्या बैलगाड्या बाहेर लागायच्या, असं आजोबा सांगायचे. जात कोणी विचारली नाही, हेही सांगायचे, आणि त्या काळात ते मोठंच होतं.

---

पिंपळपान

सगळं छान आहे, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. मुठीचे पैसे जातात कुठे? गरिबांना की धर्मप्रचाराला?

---

रानवाट

दोन्हीकडे. बुहफाई थामचा मोठा वाटा मिशनच्या कामाला जातो. मिझोरम सिनॉडचे प्रचारक भारतात अनेक राज्यांत आहेत, त्यांचे पगार या पैशातून होतात. हे तिथे कोणी लपवत नाही, उलट अभिमानाने सांगतात. त्यांच्या दृष्टीने शाळा काढणं, औषध देणं आणि शुभवर्तमान सांगणं ही तीन वेगळी खाती नाहीतच. ते तुम्हाला पटो न पटो. मलाही सगळं पटत नाही. पण 'परदेशी पैसा' हे जे वाक्य आपल्याकडे लगेच तोंडात येतं, ते इथे लागू पडत नाही. हा पैसा डब्यातल्या तांदळाचा आहे.

मिझोरमच्या आतलं काम मात्र बरंचसं रुक्ष आणि अवघड आहे. एचआयव्हीचं प्रमाण देशात तिथे सगळ्यात जास्त असलेल्यांत. म्यानमारची सीमा जवळ, त्यामुळे हेरॉइन. सिनॉडची व्यसनमुक्तीची केंद्रं आहेत. दारूबंदीसाठी चर्चने किती जोर लावला ते सगळ्यांना ठाऊक आहे: १९९७ पासून बंदी, मध्ये काही वर्षं उठली, २०१९ ला पुन्हा. बंदीने दारू थांबली का? नाही. तिथले डॉक्टरही खासगीत हेच म्हणायचे. एचआयव्हीच्या बाबतीत सुरुवातीला 'पापाचं फळ' अशी भाषा व्यासपीठावरून व्हायची, ती हळूहळू निवळली, असं घरमालकच म्हणाले. उपा असून म्हणाले.

---

पिंपळपान

सरळ उत्तर दिलंत, आभार. मतभेद आहेत, ते राहू देत.

---

पायपीट

म्यानमारचा उल्लेख आला म्हणून. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधले चिन जमातीचे लोक हजारोंनी सीमा ओलांडून मिझोरममध्ये आले. केंद्राचा आदेश होता, येऊ देऊ नका. मुख्यमंत्री झोरमथांगांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की हे आमचेच रक्ताचे लोक आहेत, पाठ फिरवता येणार नाही. कामानिमित्त मी सीमेलगतच्या चंफाईच्या बाजूला गेलो होतो. सरकारी मदत अशी फारशी दिसतच नव्हती. चर्च, वायएमए (यंग मिझो असोसिएशन) आणि गावसमित्या मिळून तांदूळ, पत्रे, ताडपत्र्या पुरवत होत्या. गंमत म्हणजे गावागावात कोणाकडे किती तांदूळ मागायचा, कोण गोळा करणार, कुठे ठेवणार, यावर चर्चाच करावी लागली नाही. यंत्रणा आधीपासून तयार होती. २०२३ ला मणिपूरहून कुकी लोक आले तेव्हाही तेच.

एक मात्र नोंदवतो. आलेले बहुतेक ख्रिस्ती आणि नात्यातले होते. बांगलादेशाच्या बाजूच्या बौद्ध चकमा लोकांबद्दल मिझो समाज एवढा मोकळा नाही.

---

गव्हाची_ओंबी

रानवाट, हे आपल्याकडेही होतं की! कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड. रयतच्या वसतिगृहांतल्या पोरांसाठी गावोगावच्या बायका जात्यावर बसायच्या आधी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवत. आमच्या आजोळी सातारा जिल्ह्यात ते गाडगं होतं असं आई सांगते. मग आपलं का थांबलं आणि त्यांचं का चालू राहिलं?

---

हिशेबनीस

अनुदान आलं की गाडगं रिकामं. शाळेला सरकार पगार द्यायला लागलं की गावाला वाटतं, आपलं काम संपलं. त्यात सरकारचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

---

रानवाट

ओंबी, मुष्टिफंडाच्या मागे कर्मवीर अण्णांसारखा माणूस होता. मिझोरमच्या मुठीमागे असं एक नाव पटकन सांगता येत नाही. दर मंगळवारी जमणाऱ्या बायका आहेत. आठवड्याला कोणीतरी दाराशी येतंच, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडे गाडगं रिकामं करायला येणारी माणसं आधी कमी झाली असतील, धान्य नंतर.

---

सालोमी_करवीर

काल म्हटलं होतं तसं लिहिते.

रानवाटदादा, तुमचं म्हणणं असं दिसतं की मिझोरमचं टिकलं कारण घरोघरच्या पैशावर होतं, आणि आमचं अमेरिकेच्या पैशावर होतं म्हणून ओसरलं. अर्धं खरं आहे. मिशनने आम्हाला शाळा दिली, दवाखाना दिला, नोकरी दिली, बंगल्यामागची खोलीसुद्धा दिली. जो देतो त्याच्या अंगणात राहणाऱ्याला अंगण झाडायची सवय लागते, विकत घ्यायची लागत नाही. आमचे आजोबा हे स्वतःच म्हणायचे.

पण दुसरं अर्धं बघा. मिझोरममध्ये दहातले नऊ लोक ख्रिस्ती. तिथे चर्च म्हणजे गाव. गावाने गाव चालवलं. आमच्या पट्ट्यात आम्ही मूठभर, त्यातले बहुतेक कालपर्यंत गावकुसाबाहेरचे. जमीन नाही, धान्य नाही. मूठ काढायला आधी डब्यात तांदूळ लागतो. आणि मिरजेच्या दवाखान्यात आलेल्या शंभर रुग्णांत ख्रिस्ती किती असायचे? तो दवाखाना मंडळीपुरता कधी नव्हताच. सगळ्या मुलुखाचा होता. मग तो टिकवायची जबाबदारी एकट्या मंडळीची कशी? सगळ्या मुलुखाने चार पिढ्या उपचार घेतले, त्यातल्या किती घरांनी त्याच्यासाठी मूठ काढली?

तंबोराकाका, हे तुम्हाला नाही हं.

---

तंबोरा

मलाच आहे, सालोमी, आणि रास्त आहे. आमच्या घरात त्या दवाखान्याबद्दल कृतज्ञता भरपूर, पावती एकही नाही. बिल दिलं म्हणजे देणं फिटलं असंच सगळ्यांनी धरलं.

---

रानवाट

सालोमीताई, मान्य. बहुसंख्य असण्याचा मुद्दा मी हिशेबात धरलाच नव्हता. तरी एक शंका राहते. १९१० ला मिझोरमातले ख्रिस्तीही मूठभरच होते. लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी १८९४ ला आले, पहिले बाप्तिस्मे १८९९ ला झाले. म्हणजे दहा-अकरा वर्षांची मंडळी होती ती, आणि तिच्यातल्या बायकांनी मूठ सुरू केली. कसायला जमीन मात्र त्यांना मिळायची. झूमच्या, म्हणजे जंगल तोडून-जाळून करायच्या फिरत्या शेतीत, कोणी जमिनीवाचून राहायचं नाही. तिथे तुमचा मुद्दा पुन्हा वर येतो.

---

सालोमी_करवीर

हो, जमीन. तिथेच सगळं येऊन थांबतं.

आमच्या महिला मंडळात हा धागा वाचून दाखवला. दोघीतिघी म्हणाल्या, आपणही करून बघू, पण तांदळाऐवजी ज्वारी, आणि पैसे मुलींच्या वसतिगृहाला. अध्यक्षबाईंचा पहिला प्रश्न : गोळा करायला कोण जाणार? तुमचंच वाक्य झालं की, दादा. एक व्यावहारिक शंका आहे. घरोघरचा तांदूळ वेगवेगळा, कुठे जुना, कुठे नवा, कुठे रेशनचा. तो एकत्र केल्यावर शिजतो तरी का नीट? आणि घेतं कोण?

---

रानवाट

नीट शिजत नाही. काही दाणे गळतात, काही बोटाला टोचतात. म्हणून तो बाजारापेक्षा थोडा स्वस्त जातो आणि गरजू घरं तो घेतात, हा एक फायदाच. आमच्या मालकीणबाई जास्तीचा घेऊन दळून आणत आणि भाकऱ्यांसारखं काहीतरी करत, ते मला आवडायचं. ज्वारीला हा त्रास नाही, पिठात सगळं सारखंच. फक्त टोके पडणार नाहीत एवढं बघा, आणि पहिले दोन महिने गोळा करायला दोघीदोघी जा. एकटीला दारातून परतायला फार सोपं जातं.

---

दुपारचा_चहा

सालोमीताई, कापणीच्या सणाला ख्रिस्ती नसलेल्यांना बोली लावता येते का? भोपळा आम्हाला खरंच हवा असतो.

---

सालोमी_करवीर

येते की. पण एकदा बोली लावलीत तर भोपळा लगेच मिळेल या भ्रमात राहू नका. शेजारी बसलेले काका तुमच्यावर चढवत नेतील.